जर्नल बंद पडलं की त्यातल्या लेखांचं काय होतं?

मंजिरी

ओपन ॲक्सेसचा, म्हणजे शोधनिबंध सगळ्यांना फुकट वाचायला मिळण्याचा, विषय निघाला की बोलणं पैशांवर सुरू होतं आणि पैशांवरच संपतं. लेख वाचायला पैसे का, छापून यायला लेखकाने पैसे का द्यायचे, नेचरने २०२१ पासून एका लेखाला साडेनऊ हजार युरो कसे मागितले, वगैरे. हे बोलायलाच हवं. पण आज मला त्याच्या पुढचं विचारायचंय. लेख आज फुकट वाचायला मिळतोय, छान. वीस वर्षांनीही तो मिळावा ही जबाबदारी कुणाची?

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नॅकची किंवा बढतीची फाइल करायची वेळ आली की प्राध्यापक मंडळी येतात, 'मॅडम, माझा २०१३ चा पेपर सापडत नाहीये.' लिंक उघडावी तर कधी 'हे डोमेन विकणे आहे' असं पान येतं, कधी भलत्याच वस्तूंची जाहिरात, कधी नुसतं पांढरं पान. आणि ही सगळी बोगस जर्नलं नव्हेत. त्यातल्या काहींचं संपादक मंडळ उत्तम होतं, लेख दोन-दोन तज्ज्ञांनी तपासलेले होते. संपादक निवृत्त झाले, पुढच्यांनी होस्टिंगचे पैसे भरले नाहीत, संपलं.

छापील अंकांच्या काळात जर्नल बंद पडलं तरी अंक जागोजागी शिल्लक राहायचे. ग्रंथालयाने वर्गणी भरली की आलेली प्रत ग्रंथालयाच्या मालकीची. एका ठिकाणी वाळवी लागली, दुसऱ्या ठिकाणी छत गळलं, तरी तिसरीकडे अंक असायचाच. ऑनलाइन आल्यावर आम्ही ग्रंथालयं साठवणारी राहिलो नाही, लिंक देणारी झालो. प्रत एकच, तीही प्रकाशकाच्या सर्व्हरवर. त्यातही फुकट जर्नलांचं जास्त अवघड आहे. वर्गणीवाल्या जर्नलला पैसे मोजणारं ग्रंथालय निदान विचारतं, 'उद्या वर्गणी थांबवली तर जुने अंक मिळणार का?' फुकट जर्नलला असा जाब विचारणारं कुणी नसतं.

मिकाएल लाक्सो, लिसा मातियास आणि नाइको यान या तिघांनी २०२१ मध्ये याचा शोध घेऊन निबंध लिहिला. २००० ते २०१९ या काळात १७४ ओपन ॲक्सेस जर्नलं इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचं त्यांना आढळलं. त्यातली बरीचशी शेवटचा अंक निघाल्यावर पाच वर्षांच्या आत गेली. शिवाय सुमारे ९०० जर्नलं अशी, की नवे अंक बंद झालेत पण साइट कशीबशी चालू आहे. त्यांचा नंबर पुढे कधीही लागू शकतो. यादीत सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांची जर्नलं भरपूर आहेत, आणि अमेरिका-कॅनडातलीही. म्हणजे हे गरीब देशांचंच दुखणं आहे असं मानायचं कारण नाही.

दुसरा अभ्यास लंडनच्या बर्कबेक कॉलेजचे मार्टिन ईव्ह यांचा, जानेवारी २०२४ मधला. त्यांनी ७४ लाखांवर डीओआय, म्हणजे लेखांना दिलेले ऑनलाइन ओळख क्रमांक, घेऊन बघितलं की तो लेख जतनाचं काम करणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एकीकडे तरी आहे का. ५८ टक्के सापडले. २८ टक्के, म्हणजे २० लाखांहून जास्त, कुठेच सापडले नाहीत. (उरलेले फार नवे होते किंवा मोजणीत बसत नव्हते.) प्रकाशकागणिक पाहिलं तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाशकांकडे जतनाची पुरेशी सोय नाही, आणि तीन किंवा अधिक ठिकाणी आपला बहुतांश साठा ठेवणारे प्रकाशक एक टक्काही भरत नाहीत.

आपल्याकडे प्रत्येक विद्यापीठाचं, प्रत्येक परिषदेचं, कित्येक महाविद्यालयांचं स्वतःचं जर्नल आहे. इथे संपादक आहेत, प्राध्यापक आहेत, सर्व्हर सांभाळणारेही आहेत. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि कमी पैशांत काय करता येईल?

अनया_पुणे

मंजिरीताई, फार गरजेचा धागा. पीएचडीची संदर्भसूची तपासताना मला हाच अनुभव येतोय. २०१० च्या आसपासचे मराठी-इंग्रजी लेख, तळटीपेत दिलेली लिंक बंद. काही जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर मिळतात, पण तिथेही लेखाचं पान मिळतं आणि पीडीएफ मिळत नाही असं अनेकदा होतं. सारांश वाचायचा आणि हळहळायचं.

एक शंका. गाइड म्हणतात डीओआय असलेलेच संदर्भ घे, ते कायमचे असतात. डीओआय असला की लेख सुरक्षित, हे खरं ना?

मंजिरी

अनया, नाही गं. डीओआय हा पत्ता आहे. लेखाची साइट बदलली की प्रकाशकाने डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडे नवा पत्ता नोंदवायचा, मग जुना डीओआय नव्या पानावर नेतो. नोंद बदलणारा प्रकाशकच उरला नाही तर डीओआय तुला रिकाम्या जागेवर नेऊन सोडेल. ईव्ह यांनी मोजलेल्या त्या २० लाखांवर लेखांना डीओआय होतेच की! जतनाची सोय करा असं क्रॉसरेफ आपल्या सभासदांना सांगतं, पण ती केली का हे प्रत्येकाच्या दारात जाऊन बघत नाही.

डीओआय उपयोगाचा मात्र नक्की आहे. जर्नल गेलं आणि लेख एखाद्या जतन करणाऱ्या संस्थेकडे असला, तर तोच डीओआय त्या प्रतीकडे वळवता येतो. पण आधी प्रत हवी.

सर्व्हरवाला

मी होस्टिंगच्या धंद्यात आहे, जर्नलांच्या साइट बऱ्याच हाताळल्यात. त्या कशा बुडतात ते सांगतो, कारण कारणं साधी आहेत आणि टाळता येतात.

आपल्याकडची बरीच छोटी जर्नलं ओजेएसवर चालतात. ओपन जर्नल सिस्टिम्स, जर्नल चालवायचं पूर्ण मोफत सॉफ्टवेअर, चांगलं आहे. त्यात लेखांची माहिती डेटाबेसमध्ये असते आणि प्रत्यक्ष पीडीएफ एका वेगळ्या फोल्डरमध्ये. सुरक्षेसाठी हे फोल्डर साइटच्या मुख्य फोल्डरच्या बाहेर ठेवा असं ओजेएसवालेच सांगतात, ते बरोबरही आहे. गोची इथेच होते. बॅकअप घेणारा मुलगा साइटचं फोल्डर घेतो, डेटाबेस घेतो आणि निघतो. होस्टिंग बदललं की नव्या ठिकाणी साइट झकास उघडते. मुखपृष्ठ आहे, अनुक्रमणिका आहे, लेखकांची नावं आहेत, सारांश आहेत. पीडीएफवर क्लिक केलं की काही नाही. तोवर जुनं होस्टिंग बंद झालेलं असतं. साइट चालू दिसते म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. संपादकांनो, तुमच्या माणसाला आजच विचारा: कॉन्फिग फाइलमध्ये 'फाइल्स डिर' पुढे कुठला रस्ता लिहिलाय, आणि ते फोल्डर बॅकअपमध्ये येतं का?

दुसरं, ओजेएस एकदा बसवलं की दहा-दहा वर्षं कुणी हात लावत नाही. ते पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे, आणि त्याच्या २ क्रमांकाच्या जुन्या आवृत्त्या पीएचपी ८ वर चालत नाहीत. होस्टिंग कंपनी सुरक्षेसाठी पीएचपी अपडेट करते आणि त्या दिवशी साइट पांढरी पडते. ताईंनी जे पांढरं पान सांगितलं ते बहुतेक वेळा हेच. त्यात माहिती गेलेली नसते, शाबूत असते. पण जाणकार माणूस मिळेपर्यंत वर्ष उलटतं आणि होस्टिंगची मुदत संपते.

तिसरा प्रकार डोमेनचा, आणि तो सगळ्यांत वाईट. डोमेन कुणा एका प्राध्यापकाच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेलं असतं. ते निवृत्त झाले, ईमेल बघत नाहीत, रिन्यूची सूचना तिथेच पडून राहते. मुदत संपली की डोमेन बाजारात. जर्नलला थोडं नाव असेल तर भामटे टपलेलेच असतात. तेच नाव, तोच आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक), तसंच मुखपृष्ठ लावून लेखकांकडून पैसे उकळतात. अशा पळवलेल्या जर्नलांची यादी रिट्रॅक्शन वॉच, म्हणजे मागे घेतलेल्या शोधनिबंधांवर नजर ठेवणारी साइट, २०२२ पासून ठेवतेय. म्हणजे लेख तर गेलेच, वर तुमच्या नावाने फसवणूक. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, ईमेल पदाच्या नावाचा ठेवा आणि एकदम दहा वर्षांचे पैसे भरा.

वाचनवेडा

आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ना? सरकारने ३ वर्षांसाठी ६,००० कोटी दिलेत, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं शिक्षणसंस्थांना वाचायला मिळणार. मग हा प्रश्न उरतो कुठे?

मंजिरी

वाचनवेडा, ती योजना मोलाची आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयाला जी जर्नलं स्वप्नातही परवडली नसती ती वाचायला मिळू लागली. पण ती मोठ्या प्रकाशकांची वर्गणी आहे, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांची. त्या प्रकाशकांचे लेख तसेही जतन-संस्थांकडे जातात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आणि पैसा आहे. मी ज्यांच्याबद्दल बोलतेय ती जर्नलं त्या तीसांत नाहीत. साताऱ्याच्या शेतीवरचा, बेळगावच्या बोलीवरचा, गडचिरोलीच्या आरोग्यावरचा अभ्यास बहुतेक वेळा अशाच छोट्या जर्नलांत येतो आणि त्याची दुसरी नोंद जगात कुठेच नसते. गेला की गेला.

कृष्णाकाठ

मी एका छोट्या मराठी त्रैमासिकाचं संपादन बघतो. भाषा, इतिहास, लोकसंस्कृती असे विषय. नाव सांगत नाही, पण आमच्यासारखी आणखी पुष्कळ आहेत. मानधन नाही, कर्मचारी नाही, अंक काढतानाच दम निघतो. त्यात हे जतन कोण करणार?

आमची अडचण सर्व्हरच्याही आधी सुरू होते. आमचे २०१२ पर्यंतचे अंक पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत. पीडीएफ आहेत, दिसतातही नीट. पण त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं, उलटे स्वल्पविराम, डोक्यावर टिंबं असलेली भलतीच अक्षरं येतात. कारण त्या फॉन्टमध्ये 'क' च्या जागी संगणकाच्या लेखी 'क' नाहीच, कुठलंतरी रोमन चिन्ह आहे, त्याला फक्त 'क' चं चित्र चढवलंय. त्यामुळे हे अंक साइटवर टाकूनही गुगलला सापडत नाहीत. 'वासुदेव' असं शोधलं तर वासुदेवांवरचा आमचा अख्खा विशेषांक येत नाही. काही पीडीएफमध्ये तर फॉन्टच अंतर्भूत केलेला नाही, ते आमच्या जुन्या संगणकावर दिसतात आणि दुसरीकडे चौकोन दिसतात. पेजमेकरच्या मूळ फाइल उघडणारं यंत्र एकच उरलंय. माझ्या मते मराठीपुरती ही जतनाची सगळ्यांत मोठी अडचण आहे, आणि इंग्रजीत जतनावर लिहिणाऱ्यांना ती सुचणारही नाही.

सर्व्हरवाला

कृष्णाकाठ, ते एकुलतं यंत्र बंद पडायच्या आत सगळ्या मूळ फाइल दोन हार्डडिस्कवर काढा आणि त्या दोन वेगळ्या गावांत ठेवा. बाकी सगळं नंतर.

पीडीएफबद्दल: पीडीएफ-ए नावाचा जतनासाठीच ठरवलेला प्रकार आहे, २००५ पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात सगळे फॉन्ट फाइलच्या आत असावेच लागतात, त्यामुळे चौकोनांचा प्रश्न मिटतो. लिबरऑफिसमधून पीडीएफ काढताना खिडकीत तो पर्याय असतो, फक्त खूण करायची. एक सावधगिरी मात्र घ्या. पीडीएफ-ए मध्येही पातळ्या आहेत. 'बी' पातळी फक्त पान दिसायला तसंच राहील याची हमी देते, त्यामुळे श्रीलिपीतली फाइलही 'बी' म्हणून पास होते आणि शोध घेता येत नाही तो नाहीच. 'यू' पातळीत प्रत्येक अक्षर युनिकोडशी, म्हणजे त्या अक्षराच्या जगभर ठरलेल्या क्रमांकाशी, जोडलेलं असावं लागतं. नवे अंक युनिकोडमध्ये जुळवून 'यू' पातळीवर ठेवा.

जुन्यांसाठी टेसरॅक्ट, पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर. मोफत आहे, मराठी ओळखतं. छपाई स्वच्छ असेल तर मजकूर बराच बरा निघतो, जोडाक्षरांत चुका राहतात. मूळ पीडीएफ तशीच ठेवायची आणि शेजारी ओळखलेला मजकूर ठेवायचा. पन्नास चुका असल्या तरी 'वासुदेव' शोधलं तर विशेषांक सापडेल.

उत्तरा_लायडन

नेदरलँड्समधून लिहितेय, इथे विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एल्सव्हियरबरोबर २००२ मध्येच करार करून त्यांच्या ई-जर्नलांची कायमची प्रत ठेवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे या देशात प्रकाशकांनी प्रत द्यावी असा कायदाच नाही, सगळं समजुतीवर चालतं. आपल्याकडे उलट. १९५४ चा कायदा आहे, त्यानुसार कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यायची, पण तो लिहिला गेला छापील पुस्तकं आणि नियतकालिकं डोळ्यांसमोर ठेवून. नुसत्या ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलला त्यात जागा नाही.

छोट्या जर्नलांना आज करता येण्याजोगी गोष्ट आहे ती सांगते. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात १९९९ च्या सुमारास व्हिकी राइश आणि डेव्हिड रोझेनथाल यांनी लॉक्स नावाचं जतनाचं जाळं सुरू केलं. मुख्य साठा असा कुठे नाहीच. अनेक ग्रंथालयांत एकेक साधा संगणक. प्रत्येकजण परवानगी घेऊन त्याच लेखांची प्रत स्वतःकडे घेतो. मग ठरावीक काळाने ते एकमेकांना विचारतात, 'तुझ्याकडच्या या लेखाचा चेकसम काय?' चेकसम म्हणजे फाइलवरून गणित करून काढलेली खूण, फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी खूण बदलते. एकाची खूण बाकीच्यांशी जुळली नाही तर त्याची प्रत बिघडली असं धरायचं, आणि तो दुसऱ्यांकडून दुरुस्त प्रत घेतो. माणसाने लक्ष दिलं नाही तरी हे चालू राहतं.

याच तंत्रावर क्लॉक्स उभं आहे. जगात १२ ठिकाणी प्रती, त्यात स्टॅनफर्ड, एडिंबरा, टोकियो अशी ठिकाणं. तिथले लेख एरवी बंद असतात. जर्नल नाहीसं झालं की उघडतात, आणि मग सगळ्यांसाठी, फुकट. सेज प्रकाशनाचं अवयव प्रत्यारोपणावरचं 'ग्राफ्ट' बंद पडलं तेव्हा ते असंच खुलं केलं गेलं. त्यासाठी प्रकाशकाला वर्षाची फी भरावी लागते. पण ओजेएस बनवणाऱ्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं स्वतःचं जतन-जाळं आहे, पीकेपी पीएन, तेही लॉक्सवरच चालतं आणि ओजेएस जर्नलांना पूर्ण मोफत आहे. आयएसएसएन हवा, निदान एक अंक निघालेला हवा, ओजेएसची आवृत्ती फार जुनी नको. ओजेएसमधलं त्यासाठीचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) चालू करायचं, अटी मान्य करायच्या, की नवा अंक निघाला की प्रत आपोआप जाते.

मोफत आहे, तयार आहे, आणि तरी कितीतरी जर्नलं ते प्लगइन चालू करत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

अनया_पुणे

उत्तराताई, लॉक्सचं वाचून भांडारकर संस्थेतली महाभारताची संशोधित आवृत्ती आठवली. १९१९ ते १९६६, ठिकठिकाणची शेकडो हस्तलिखितं गोळा करून शब्द न् शब्द ताडून पाहिला. अनेक प्रती होत्या म्हणूनच ते जमलं.

भाऊ_नागपूर

अनया, उदाहरण छान, पण एक दुरुस्ती करतो, मी इतिहास आणि हस्तलिखितांत वावरणारा माणूस आहे. त्या आवृत्तीचे मुख्य संपादक सुखटणकर यांनी बहुमत कधीच मानलं नाही. दहा पोथ्यांत एक पाठ आणि दोनच पोथ्यांत दुसरा, तरी त्या दोन वेगवेगळ्या परंपरांतल्या, दूरच्या प्रांतांतल्या असतील तर त्यांचं वजन जास्त. दहा पोथ्या एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरवलेल्या असू शकतात. लॉक्समध्ये बहुमत चालतं, कारण सगळ्यांनी एकाच मूळ फाइलवरून प्रत घेतलेली असते. तेव्हा मूळ फाइलच चुकीची चढवली असेल तर जगभर चूक जतन होईल, हे संपादकांनी ध्यानात ठेवावं.

आता माझं मत. कागद सोडू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघालं, त्या काळातले अहवाल आणि निबंध मी आजही हातात घेऊन वाचतो. त्यांना प्लगइन लागलं नाही की पासवर्ड लागला नाही. राजवाड्यांनी घरोघरी फिरून कागद गोळा केले आणि १८९८ पासून खंड छापत गेले, म्हणून ती पत्रं शेकडो ग्रंथालयांत पोचली. अंक ऑनलाइन काढा, पण वर्षाच्या शेवटी पंचवीस प्रती चांगल्या कागदावर छापून पंचवीस ग्रंथालयांना पाठवा.

उत्तरा_लायडन

भाऊसाहेब, बहुमताबद्दलची दुरुस्ती अगदी मान्य. आणि कागदाबद्दलही मला वाद घालायचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, कित्येक महिने त्यांचा ऑनलाइन कॅटलॉगसुद्धा नीट चालत नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेबॅक मशीन चालवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि वेबॅक मशीन काही दिवस बंद होतं. एका जागेवर भरवसा ठेवू नये, ती कितीही मोठी असो. तुमच्या पंचवीस प्रती हा त्याच विचाराचा भाग आहे.

कृष्णाकाठ

एक अवघड प्रश्न विचारतो. आमचे आजीव सदस्य आणि वर्गणीदार यांच्यावर अंक चालतो. सगळं फुकट करून टाकलं तर वर्गणी कोण भरणार? म्हणून आमच्या मंडळात 'ऑनलाइन' म्हटलं की विरोध होतो, आणि त्याच भरात जतनाचा विषयही मागे पडतो. आणि जुन्या लेखांच्या हक्कांचं काय? निम्मे लेखक हयात नाहीत.

मंजिरी

कृष्णाकाठ, जतन आणि फुकट वाटणं एकाच ठरावात आणू नका, म्हणजे मंडळातला विरोध निम्मा होईल. जतनाची प्रत बंद ठेवता येते. क्लॉक्स तेच करतं, पोर्टिको ही दुसरी जतन-संस्थाही साधारण तेच करते. तुमचे अंक वर्गणीदारांपुरते राहूनही प्रत सुरक्षित राहू शकते. पुढे वाटलं तर दोन वर्षांपूर्वीचे अंक खुले करा, ताजे वर्गणीदारांना. अशा पद्धतीने चालणारी जर्नलं आहेत.

हक्कांचं दोन भागांत बघा. पुढच्या अंकापासून लेख स्वीकारताना एक पानाचा करार घ्या: लेखकाचा कॉपीराइट लेखकाकडेच, पण आम्हाला हा लेख छापायची, ऑनलाइन ठेवायची आणि जतनासाठी इतर संस्थांना प्रत द्यायची परवानगी. लेखक तयार असतील तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना प्रत करायला आणि वाटायला आधीच मुभा देणारा, परवाना लावा. त्याचा मोठा फायदा असा, की तुम्ही उद्या नसलात तरी कुठलंही ग्रंथालय, कुठलाही वाचक ती प्रत ठेवू शकतो आणि पुढे देऊ शकतो, कुणाला विचारावं लागत नाही. नुसतं 'फुकट वाचा' म्हटल्याने हा हक्क मिळत नाही, म्हणून कितीतरी लेख सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

जुन्या लेखांचं: आपल्या कायद्यात कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. तुमच्याकडे तसा कागद नसेल तर हक्क बहुधा लेखकाकडे, आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं वारसांकडे. तेव्हा ते लेख सरसकट नेटवर टाकू नका, वारसांना पत्रं लिहा. माझा अनुभव आहे की घरच्यांना आनंदच होतो. पण परवानगी येईपर्यंत स्कॅनिंग थांबवायचं कारण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी सोय आहे, की विनानफा चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत करून ठेवू शकतं. तुमच्या गावातल्या जुन्या वाचनालयाकडे तुमचे सगळे अंक असतील, त्यांना बरोबर घ्या.

सर्व्हरवाला

वेबॅकबद्दल अनयाने वर लिहिलं होतं, त्यावर. ओजेएसमध्ये पीडीएफची दोन पानं असतात. पत्त्यात 'व्ह्यू' असतं ते पीडीएफ दाखवणारं पान, 'डाउनलोड' असतं ती खरी फाइल. लोक वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पहिला पत्ता टाकतात आणि नुसती चौकट साठवली जाते. डाउनलोडवाला पत्ता द्या, मग फाइल साठते. कुणालाही करता येतं, संपादक असायची गरज नाही. आपण ज्या लेखाचा संदर्भ देतो तो तिथे साठवून मग तळटीप लिहिली तरी खूप फरक पडेल.

ज्यांच्याकडे ओजेएस नाहीच, नुसती साधी वेबसाइट आहे, त्यांनी झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन साठ्यात अंक ठेवावेत. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते, २०१३ पासून आहे, मोफत आहे आणि प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो. पण तिथे टाकण्याआधी ताई म्हणतात तो परवानगीचा कागद हवाच.

अनया_पुणे

डाउनलोडवाल्या पत्त्याने लगेच करून पाहिलं. माझ्या सूचीतल्या एका जर्नलची साइट अजून चालू आहे पण २०१७ नंतर अंक नाही. त्यातले मला लागणारे सगळे लेख साठवले. माझ्या विभागातल्या इतरांनाही सांगते.

एखादं जर्नल कुठे जतन होतंय का, हे बाहेरच्या माणसाला कळतं का?

उत्तरा_लायडन

कळतं. कीपर्स रजिस्ट्री नावाची नोंदवही आहे, आयएसएसएनच्या पॅरिसच्या केंद्राकडे. त्यांच्या पोर्टलवर आयएसएसएन टाकला की कुठल्या संस्थेने कुठल्या वर्षाचे कुठले खंड घेतलेत ते दिसतं. लेख पाठवण्याआधी जसा जर्नलचा दर्जा बघता, तसं हेही बघा. नोंद नसेल तर संपादकांना ईमेल करून विचारा. लेखकांनी विचारायला सुरुवात केली की संपादक हलतात.

कृष्णाकाठ

मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन वेगळे ठराव मांडतो, जतनाचा आधी. पेजमेकरच्या फाइल या आठवड्यात काढतो, एक डिस्क माझ्याकडे आणि एक सोलापूरच्या मित्राकडे. टेसरॅक्टने काढलेला मजकूर तपासायला माणसं लागतील. कुणी मदत करणार असेल तर विचारपूस करा, एकेक अंक वाटून घेऊ.

आणखी एक. आमच्याकडे छापील अंकाचा आयएसएसएन आहे. ऑनलाइनला तोच चालतो का?

भाऊ_नागपूर

दोन अंक माझ्याकडे द्या. लोकसंस्कृतीचे असतील तर उत्तम, ती परिभाषा ओळखीची आहे.

मंजिरी

कृष्णाकाठ, ऑनलाइनसाठी वेगळा आयएसएसएन घ्यावा लागतो, छापीलचा चालत नाही. दिल्लीच्या निस्पर संस्थेत भारताचं आयएसएसएन केंद्र आहे, तिथे अर्ज करायचा, फी नाही. दोन्ही क्रमांक अंकावर आणि साइटवर छापा. मलाही एक अंक पाठवा तपासायला, शक्यतो तो वासुदेवांवरचा.